उलट्या खुर्चीतला परीक्षक

आमच्या बालचित्र मंडळात माणसं चार आणि खुर्ची एक. एवढ्यात किती किस्से साठावेत? पण कोल्हापुरात, आमच्या राजारामपुरीत, कुणीही भेटलं की ‘तो खुर्चीचा सांगा की’ म्हणतं आणि एक सांगायला घेतला की बाकीचे त्याच्या मागे ओढत येतात. गंमत म्हणजे सगळे घाबरण्याचेच!

आधी खुर्चीचं सांगतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर आसपासच्या शाळांना दाखवायला आम्ही एक सिनेमा निवडायचो. निवडायची पद्धत डॉक्टर मगदुमांची. ते दातांचे डॉक्टर. त्यांचं म्हणणं, पोरांचा सिनेमा मोठ्यांना आवडून उपयोग काय? म्हणून दहा-बारा पोरं बोलवायची, टीव्हीवर सीडी लावायची आणि परीक्षकानं टीव्हीकडे पाठ करून, पोरांकडे तोंड करून बसायचं. सिनेमा बघायचाच नाही, पोरांचे चेहरे बघायचे. पोरं फार घाबरली की सिनेमा नापास.

*

पहिला सिनेमा सशांचा होता. अगदी गरीब सिनेमा. खुर्चीत स्वतः डॉक्टर. पोरं सुरुवातीपासून पांढरीफटक पडलेली. ससा कडाकडा गाजर चावायला लागला तेव्हा तर एक मुलगी हुंदके देऊन रडली. डॉक्टरांनी सिनेमा नापास केला, पण सशात एवढं भयानक काय आहे हे त्यांना कळेना.

सिनेमा लावला होता कुठे, तर त्यांच्याच दवाखान्यात. रविवारी दुपारी पेशंट नसतात म्हणून. पोरांची समजूत अशी, की सिनेमा संपला की आता एकेकाला आत घेणार.

आमच्या मंडळातले तानाजीआण्णा म्हणाले, “डाक्टर, पोरं सशाला भ्याली न्हाईत. तुमच्या पकडीला भ्याली.”

*

मग खुर्चीत कांबळे सरांना बसवलं. सर गारगोटीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. माणूस लोण्यासारखा मऊ. त्या खेपेला पोरंही त्यांनीच आणली होती, शाळेतली, वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसवून.

सर समोर तोंड करून बसलेले बघितल्यावर पोरांनी जी हाताची घडी घातली, ती सोडलीच नाही. सिनेमा विनोदी होता. मी मागे उभा राहून पोट धरून हसतोय आणि पोरं परीक्षेला बसल्यासारखी. शेवटी एकाला अगदीच असह्य झालं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, हसू का?”

सरांची खुर्ची त्या दिवशी सुटली.

*

त्यानंतर तो सिनेमा आला. परदेशी कार्टून, एका व्हिडिओ गेमवरून काढलेलं. तो गेम तेव्हा आमच्या गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये जोरात होता. तलवार घेतलेला एक पोरगा चेटकिणीच्या गुहेत जातो. स्क्रीनच्या कोपऱ्यात तीन लाल बदाम असतात, पत्त्यातल्यासारखे. बदाम म्हणजे त्याचा जीव. घाव बसला की एक बदाम जातो, तिन्ही गेले की खेळ परत पहिल्यापासून.

खुर्चीची पाळी तानाजीआण्णांची होती. आण्णा गडमुडशिंगीचे, आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. अभ्यास म्हणून पार्लरमध्ये जाऊन गेम खेळून आले. पोरगा त्यांनी रस्त्याच्या डाव्या बाजूनंच चालवला आणि गुहेच्या तोंडाशी नेऊन जो उभा केला, तो पुढे म्हणून सरकवला नाही. वळणापलीकडचं दिसत नाही तर आत घालायचं कशाला, हा त्यांचा सवाल.

आम्ही समजावलं, की आण्णा, खुर्चीत बसल्यावर गुहा दिसतच नाही, ती पाठीमागे असते.

“त्येच म्हणतोय मी,” आण्णा म्हणाले, “मागनं काय येतंय ते बघायला खुर्चीला आरसा कुठाय?”

अशी ती खुर्ची माझ्याकडे आली.

*

आता मी का घाबरलो ते सांगतो. आमच्या ऊर्मीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र. ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं, पुढच्याच आठवड्यात. नऊ वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं? मी आणि बायकोनं ठरवलं, जायच्या दिवसापर्यंत काही बोलायचं नाही. स्वयंपाकघरात कुजबुजायचो, ती आली की भाजीचा विषय काढायचो.

ऊर्मी तो गेम खेळायची. गुहेत तिन्ही बदाम गेले की शांतपणे ‘परत’ म्हणायची. कांबळे सर सहज बोलून गेले, की सिनेमात कोपऱ्यात बदाम नसणार, सिनेमात माणूस एकदा मेला की मेला. त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

डॉक्टरांना विचारलं, “पोरगा शेवटी जगतो का, तेवढंच सांगा.”

“परीक्षकाला सांगायचं नसतं,” डॉक्टर म्हणाले. नियम म्हणजे नियम.

त्या रविवारी ऊर्मीला मावशीकडे धाडायचं ठरवलं आणि शाळेच्या वर्गात पोचलो (दवाखान्यात सिनेमा लावणं आम्ही सशानंतरच सोडलं होतं), तर बाईसाहेब माझ्या आधी हजर, पहिल्याच रांगेत!

*

खुर्चीत बसलो. पाठीमागे पाण्याचे थेंब पडू लागले, म्हणजे गुहा आली. एक पोरगं कुजबुजलं, “बदाम कुठायत रं?” मग ढोल. मग चेटकीण हसली. पोरं एकमेकांना बिलगली. मग तलवार खणकन खाली पडल्याचा आवाज आला आणि सगळ्या पोरांनी तोंडं झाकून घेतली. मागे काहीच ऐकू येईना. थेंबसुद्धा थांबले.

ऊर्मीनं तोंड झाकलं नव्हतं. ती टीव्हीकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी हसायला गेलो, पण जबडा हलेना. हात मांड्यांखाली दाबून धरले, तर खुर्चीच थरथरायला लागली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग कधीतरी बासरी वाजली, पोरांनी बोटं बाजूला केली, टाळ्या पडल्या. पोरगा जगला असावा. मी काही मागे वळून बघितलं नाही.

दिवे लागले. डॉक्टर म्हणाले, “बोला परीक्षक, पास की नापास?”

मी ऊर्मीकडेच बघत होतो. डॉक्टरांनी ऊर्मीलाच विचारलं, भ्यालीस का गं?

“पिक्चरला न्हाई भ्याले,” ती म्हणाली. मग उठून माझ्याजवळ आली, माझ्या शर्टाची बाही ओढली आणि हळूच म्हणाली, “पप्पा, मिरजेला तुम्ही पाठ करून बसा हं. तुमचं तोंड बघून भ्या वाटतं.”