आता त्या कुत्रीचं काय करायचं?

कासमभाई गेल्याचं मला आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. आमच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचा यंत्रमागांचा कारखाना, त्याला लागून घर. हाकेच्या अंतरावर माणूस गेला आणि मी चष्मा शोधून ते फोनवर वाचलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ‘बहुत नेक इन्सान’, ‘प्राणिमित्र हरपला’... एकाने घाईत वाढदिवसाचा केक पाठवून मागे घेतला. आणि अजून जनाजाही निघाला नव्हता, तेव्हा त्या हातांच्या मधोमध एक प्रश्न उगवला: ‘आता त्या कुत्रीचं काय करायचं?’ त्याखाली पटापट अंगठे वर. मला शिसारी आली. लिहिणाऱ्या गृहस्थाचं नाव मी इथे देत नाही. एवढंच सांगते की ‘प्राणिमित्र हरपला’ हेही त्यांचंच, आणि गेल्या उन्हाळ्यात त्या कुत्रीच्या पाठीवर उकळता चहा फेकला होता तोही त्यांनीच.

ती कुत्री म्हणजे कांडी. मागाच्या धोट्यात सुताची बारीक कांडी बसते, तशी अंगाने, म्हणून कासमभाईंनी हे नाव ठेवलं. गावठी, तांबूस, आता नऊ वर्षांची. कारखान्याची राखण करायची. कासमभाईंच्या घरात कुत्रं उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि उंबऱ्याबाहेर त्याला कशाचीही वाण पडत नसे. त्याचं वेगळं ताट, ते घासायची वेगळी काथ्याची शेंडी, उन्हाळ्यात पाण्याचं पसरट मातीचं भांडं. दर वर्षीच्या इंजेक्शनची तारीख कारखान्याच्या दारामागे खडूने लिहिलेली. अशा माणसाच्या मागे कांडी कुणाकडे जाणार, हा प्रश्न मलाही पडला होताच. पण तो मी अंगठ्यांच्या ताब्यात देणार नव्हते.

मला हे सांगण्याचा काय अधिकार, असं कुणी विचारेल. अधिकार काहीच नाही. मी तरुणपणी कुत्र्यांच्या बाबतीत जे जे केलं ते आठवलं की आज मला स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटते. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा मी भारी शहाणी होते. आमचे हे शाळामास्तर. त्यांची बदली पडघ्याला झाली, रोज एसटीने जा-ये. ज्योतिषीबुवा म्हणाले, साडेसाती आहे, दर शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी आणि गूळ घाला. आता धामणकर नाक्यापर्यंत हिंडलं तरी काळा कुळकुळीत कुत्रा एकच, कासमभाईंचा मुन्शी. आणि त्या बुवांकडे जाणाऱ्या आम्ही बायका सात. कुत्रा एक, साडेसात्या सात! दर शनिवारी सकाळी कारखान्याच्या फाटकाशी आमची रांग. तेलाने थबथबलेल्या पोळ्या आम्ही फाटकावरून फेकायचो, हात जोडायचो आणि पदराने नाक दाबून परत फिरायचो. कारण त्या कुत्र्याचा मला वास यायचा. ज्याच्या पोटात माझ्या नवऱ्याची बदली घालत होते त्याच्याकडे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं.

एका रविवारी कासमभाई दारात उभे. लुंगी, खांद्यावर सुताचा भुगा, चेहरा लाल.

“वहिनी, साडेसाती तुमची, आन जुलाब माझ्या कुत्र्याला? हा कुठला न्याय?”

मी म्हटलं, “अहो, पुण्याचं काम आहे, पोळीच तर घातली.”

“चला, पुन्य बघायला चला.”

मी गेले. कारखान्याच्या मागच्या पडवीत मुन्शी पडला होता. उलट्या, रक्ताचे जुलाब, सगळीकडे तेलाचा तवंग आणि त्यात न पचलेल्या पोळीचे तुकडे. माझीच पोळी. मला घड्या ओळखू आल्या. कासमभाईंनी माझ्या हातात खराटा दिला आणि बादली पुढे सरकवली. मी जॉर्जेटच्या साडीत, उंच टाचांच्या चपलांत, दोनदा ओकारी आली तरी ते सगळं धुतलं. आणि घरी येऊन ह्यांना काय सांगितलं? म्हटलं, त्या मागवाल्याने माझा अपमान केला, ‘त्या लोकांत’ बायकांशी असंच वागतात. हे शब्द माझे आहेत. ते लिहिताना आज त्या पडवीपेक्षा जास्त घाण वाटते. हे तावातावाने गेले आणि तासाभराने चहा पिऊन हसत परत आले. म्हणाले, “खराटा चांगला चालवतेस म्हणे.”

मुन्शी वाचला. मी मात्र शिकले नाही. पुढच्याच वर्षी मुलीच्या वाढदिवसाला म्हणून पांढरी, केसाळ पामेरियन आणली. खरं कारण, भिशीच्या बायकांना दाखवायची होती. नाव स्वीटी. तिला बशीत चहा, खारी, जिलबीचा तुकडा. हॉलमध्ये घाण केली की चप्पल, आणि मग तिचं नाक त्यातच घासायचं, असं कुणीतरी सांगितलेलं. ती मला बघून थरथरायची आणि मी म्हणायची, बघा, कशी शिस्त लावली! कासमभाई एकदा आमच्या फाटकातून बघत होते. म्हणाले, “मारलेला कुत्रा शिकत न्हाय, वहिनी. तो फक्त तुमच्या चपलेवर लक्ष ठेवतो.” त्यांची रीत साधी होती. शिफ्ट बदलायच्या वेळी, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, मुन्शीला बाहेर न्यायचं. बाहेर केलं की शाबासकी. आणि कारखान्यात कुत्र्याशी बोलायचा शब्द सगळ्यांनी एकच वापरायचा. कारण कामगारांत एक म्हणायचा ‘बैठ’, दुसरा ‘चुप’, तिसरा तेलुगूत काहीतरी, आणि कुत्रा बिचारा तिघांची तोंडं बघायचा. कासमभाईंनी ठरवलं, शब्द एकच, ‘रुक’. नवा माणूस ड्युटीवर आला की त्याला आधी माग दाखवायचे आणि मग हा शब्द.

त्यांनी मला स्वीटीला इंजेक्शनं द्यायला तीनदा सांगितलं. मी म्हटलं, “ती घराबाहेर जातच नाही, तिला कशाला?” शेवटी ती आजारी पडलीच. आजार माझ्या उंच टाचांच्या चपलांवरून घरात आला असणार, हे दवाखान्यात नंतर कळलं. तिने खाणं सोडलं, मी दृष्ट काढली. तिला रक्त पडायला लागलं, मी हळद आणि दही चाटवलं. त्या आजाराचा वास ज्याने घेतला आहे त्याला वेगळं सांगायला नको, आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी कासमभाईंनी चालू माग बंद करून रिक्षा आणली, तिला माझ्या नव्या टॉवेलात गुंडाळलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. टेबलावर ठेवेपर्यंत ती गेली होती. परतताना रिक्षात मी रडत होते. ते म्हणाले, “वहिनी, त्या बुवाने सांगितलं असतं ना, का शनिवारी कुत्र्याला इंजेक्शन द्यायचं असतं, तर तुम्ही रांगेत पयल्या असत्या.”

असं वाक्य माणूस विसरत नाही. मी तर विसरले नाहीच, उलट वापरलं. पुढच्या शनिवारी कासमभाईंची नजर चुकवून अजूनही पोळ्या टाकणाऱ्या उरलेल्या सहा जणी फाटकाशी जमल्या, तेव्हा मी आवाज खाली करून सांगितलं, “बुवांनी उपाय बदललाय. पोळी बंद. कुत्र्याला इंजेक्शन दिलं तर शनी सरळ प्रसन्न. आणि रंग काळाच हवा असं नाही.” कुणी बुवांना जाऊन विचारलं नाही, कारण विचारायला गेलं की दक्षिणा ठेवावी लागे. पुढच्याच शनिवारी गल्लीतल्या चार कुत्र्यांना सुतळ्या बांधून त्या माझ्या मागे दवाखान्यात! कासमभाईंना कळलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावले.

“तौबा! वहिनी, हे पाप कुनाच्या नावावर?”

“माझ्याच लावा. तुमच्याकडे जागा आहे का?”

“न्हाय बा. आमची फुल हाय.”

तेव्हापासून आमची जोडी जमली. दर वर्षी गल्लीतल्या कुत्र्यांची इंजेक्शनं, नसबंदी, पिल्लांना जंताचं औषध. ते कुत्रा धरायचे, मी मालकिणींना धरायची. गोचीड कशी ओढायची, शिजवलेल्या कोंबडीची हाडं का घालायची नाहीत, कांदा-लसणीचा रस्सा का नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि इतरांना असं सांगू लागले की जणू आईच्या पोटातूनच शिकून आले होते. एक गोष्ट मात्र मी कधीच केली नाही. त्यांचं ते कुत्र्यांसाठी ओझरी, म्हणजे बकऱ्याचं पोट, शिजवणं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तो वास सुटला की मी खिडक्या लावून घ्यायची आणि ते पलीकडून ओरडायचे, “वहिनी, जेवायला या!”

ते गेले त्याच्या चौथ्या दिवशी पडवी रिकामी दिसली. त्यांचा थोरला मुलगा म्हणाला, “काकी, सुताच्या टेम्पोतून पडघ्याला सोडली. तिकडे गोडाऊनं आहेत, खायला मिळेल. मोकळी राहील.” मोकळी! माणूस नको झालेली वस्तू रस्त्यावर टाकतो आणि तिला मोकळी म्हणतो. नऊ वर्षं राखण केलेल्या जिवाला महामार्गाच्या कडेला, ट्रकांच्या चाकांत! मी त्याला जे बोलले ते वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापता येणार नाही. रिक्षा केली आणि या गुडघ्यांनी दोन दिवस गोडाऊनांमागून गोडाऊनं पालथी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका फाटकाशी कांडी सापडली. फासळ्या मोजाव्यात अशी. गोणी उचलणारी एक बाई तिच्यापाशी बसली होती, डोंगरातल्या पाड्यावरची.

“आजी, तुमची हाय का ही? भात टाकला, सुकट टाकली, तोंड लावत न्हाय. नुसती रस्त्याकडं बघून हाय. मरंल ती असी.”

कांडी मला ओळखून उठली, रिक्षात चढली, घरी आली. पण खाल्लं नाही. दही-भात नाही, उकडलेला भोपळा नाही. सुनेने नाक धरून अंडं उकडलं, तेही नाही. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, सलाईन लावतो, पण दोन दिवसांत खाल्लं नाही तर कठीण आहे. नऊ वर्षं मी तिला रोज पाहिलं होतं आणि ती जेवते कशी ते मला ठाऊक नव्हतं. खिडक्या लावलेल्या होत्या ना!

मग मी हाजराभाभींकडे गेले. कासमभाईंच्या बायको. त्या इद्दतीत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाहेर पडायचं नाही. आतल्या खोलीत गादीवर बसल्या होत्या. कांडी सापडली म्हटल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि या बाईने उभा जन्म त्या कुत्र्यांना शिव्या दिल्या होत्या.

“टाकलेलं ती खानार न्हाय, ताई. मुन्शीला चोरांनी गोश्तातून विष घालून मारलं ना... तेव्हापासून हे शिकवायचे. कुनीपन टाकलेलं खायचं न्हाय. हात ताटात असेल तरच खायचं. हे सोताच्या हाताने कालवायचे आन हात तसाच ठेवायचे.”

“आणखी कुणाला शिकवलं?”

“कुनालाच न्हाय.”

मला कासमभाईंचा त्या क्षणी मनापासून राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही. एवढा शहाणा माणूस, सगळ्या गल्लीला अक्कल शिकवणारा, आणि आपण मरणार आहोत हे तेवढं त्याच्या डोक्यात आलं नाही! कुत्रीला इतकी पक्की शिकवली की त्याच्या मागे ती शिकवणीनेच मरायला निघाली. मी हे भाभींना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मी पन त्येच म्हनते. पन कुनाला बोलू?” मग माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, “माझ्याने होनार न्हाय. आन तुमच्याने तरी कसं होनार?”

झालं. कसं ते विचारू नका. त्यांच्या पडवीतल्या चुलीवर थोरल्या मुलालाच ओझरी शिजवायला लावली, तेवढी शिक्षा त्याला हवीच होती. भात, भोपळा आणि ते सगळं ताटात घालून मी आमच्या अंगणात पाटावर बसले. तो वास घशात उतरत होता, सुनेने लांबूनच दार लावून घेतलं होतं. हात घातला. गिळगिळीत, कोमट. कांडीने माझं मनगट हुंगलं, बोटं हुंगली, पुन्हा मनगट. कारखान्याच्या फाटकाच्या दिशेने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या बोटांच्या कडेने एक घास उचलला.

आता ती आमच्याकडेच असते. तिची तारीख मी माझ्या दारामागे खडूने लिहिली आहे. माझ्यानंतर काय, हा घोटाळा नको म्हणून हाताची सवय सुनेलाही लावते आहे. ती रोज एक बोट बुडवते आणि स्नानाला पळते. दोन साबण संपले, तरी माझ्या हाताचा वास जात नाही. घरात माझ्या हातची पोळी कुणी खात नाही, त्यामुळे लाटण्यातूनही सुटका झाली, हा फायदा मी कुणाला सांगितलेला नाही. सकाळी सातला पलीकडे शिफ्ट बदलते आणि मी पाटावर बसते. कांडी सावकाश खाते. तिचे दात आता थोडेच उरलेत. मध्येच हात काढला की ती थांबते आणि फाटकाकडे बघत राहते. म्हणून मी ताट चाटून होईपर्यंत हात काढत नाही.