ससोबाची बिनबोलावली भीती

आमच्या ससोबाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस मला बघून घाबरला. हसू नका. माझ्याकडे आरसा बसवायला आला होता तो. खाली वाकून स्क्रू आवळत होता, मी मागे उभी राहून नेहमीसारखं तोंड चालवत होते, आणि एकदम त्याने मान वर केली. आरशात मी. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा, कपाळावर घाम, हात लटलट कापतायत. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभा राहिला. मी नुकताच केसांना रंग लावून डोक्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली होती, त्यामुळे त्याला दोष द्यायचं काही कारण नव्हतं. पाणी दिलं. थोड्या वेळाने गडी ठीक झाला आणि उरलेले स्क्रू निमूटपणे बसवून गेला.

सशाचं काळीज आहे बाई, असं मी चार घरी सांगून आले. आणि माझी भाची, तेव्हा माझ्याकडे राहून नोकरी करायची, तिने त्याच सशाशी लग्न केलं. जावई झाला तरी नाव ससोबाच राहिलं.

तर तो मला बघून घाबरला नव्हता. मुळात तो भित्राच नव्हता. पण हे मला कळायला बरीच वर्षं गेली आणि त्याला स्वतःलाही.

काचेचं दुकान त्याचं, एका भागीदाराबरोबर. काच कापणं मी तासन्‌तास बघितलंय. टेबलावर जाड मऊ कापड, त्यावर काच, पट्टी धरायची आणि चाकाच्या कटरने एकच रेघ ओढायची. रेघेवरून पुन्हा कटर फिरवायचा नाही, नाहीतर काच भलतीकडे फुटते. मग रेघ टेबलाच्या कडेवर आणायची आणि हलका झटका द्यायचा. ऐकायला सोपं. पण काच मोठी असली की पलीकडच्या टोकाला हात पोचायला पोट टेबलावर टेकवून ओणवं व्हावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच ससोबाला ते यायचं.

ते म्हणजे काय? आधी डोक्यात घणाचे घाव. मग छातीत कोणीतरी दार बडवतंय असं. मग घामाच्या धारा, आणि शेवटी भीती. कशाची भीती, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाला, कशाचीच नाही मावशी, आता काहीतरी फार वाईट होणार एवढंच कळतं, काय होणार ते कळत नाही. मग तो कटर ठेवायचा, कोपऱ्यात उभा राहायचा, आणि गिऱ्हाईक आलं तर माप आठवतोय असं दाखवायचा. काचवाला काचेला भितो, हे बाहेर कळलं तर धंदा बसला. त्याची पक्की समजूत होती की आपण जन्मजात भेकड, कारण बापही तसाच होता. तोही असाच पांढरा पडायचा, भिंत धरायचा. आणि तो बाप हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला हसत आत गेला तो टेबलावरच संपला. हृदय बंद पडलं, म्हणाले. त्यांच्या घरात तेव्हापासून ऑपरेशन हा शब्दच कोणी काढत नसे.

मग एका दुपारी दुकानातच तो कोसळला. काच हातात नव्हती हे नशीब. भागीदाराने कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. नर्सने रक्तदाब घेतला, आकडा बघितला आणि मशीन बिघडलं म्हणून दुसरं आणलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं, तशी ती डॉक्टरांना बोलवायला पळतच गेली.

मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. पूर्ण दिवसाची लघवी कॅनमध्ये साठवून आणायला सांगितली. तो कॅन पिशवीत घालून ससोबा रस्त्याने चालला असताना शेजारणीने विचारलं, तेल का हो? हा हो म्हणाला. तिने भाव विचारला. एवढं एक सोडलं तर त्या दिवसांत हसण्यासारखं काही नव्हतं.

गाठ निघाली. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते म्हणे. समोर संकट दिसलं की ती रक्तात रस सोडते, पळ नाहीतर लढ म्हणून. ससोबाची गाठ तिथे, आणि तिला संकट लागतच नसे. हा ओणवा झाला, पोट दाबलं गेलं, की बरणी कलंडलीच. भीतीला कारण नव्हतं, पण रस अगदी खरा, शंभर नंबरी. आणि हे माहीत नसताना अशा माणसाला भूल दिली तर रक्तदाब कुठल्या कुठे जातो. डॉक्टरीणबाईंनी बापाबद्दल नक्की काही सांगितलं नाही. फक्त बराच वेळ कागद खालीवर करत राहिल्या.

गळ्यातही गाठी होत्या. मग रक्ताची आणखी एक तपासणी झाली आणि बाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. म्हणाल्या, रेट नावाचं एक जनुक आहे, सगळ्यांनाच असतं. त्यावरून शरीर एक प्रथिन बनवतं. ते काही पेशींच्या पातळ आवरणात रोवलेलं असतं, अर्धं बाहेर, अर्धं आत. बाहेरून निरोप आला की अशी दोन प्रथिनं एकमेकांना धरतात, आणि मग आत हुकूम जातो, वाढ, एकाचे दोन हो. निरोप थांबला की हुकूमही थांबतो. ससोबाच्या जनुकात एका जागी एकच अक्षर बदललेलं, बापाकडून आलेलं. तेवढ्याने ती प्रथिनं निरोप नसतानाच एकमेकांना धरून बसतात आणि सोडत नाहीत. बाहेर कोणी नाही, आत मात्र हुकूम चालूच.

माझ्यासारखंच झालं हे, मी म्हटलं, कोणी काही विचारलं नाही तरी सांगत सुटायचं. बाई हसल्या नाहीत. ससोबाकडे वळून म्हणाल्या, तुमच्या मुलीत हे असण्याची शक्यता निम्मी आहे.

ठमी तेव्हा पाचवं पुरं करत होती. तिच्यात ते असेल तर गळ्यातली ग्रंथी लवकर काढायची, कारण पुढे तिथे कर्करोग होतोच म्हटलं तरी चालेल. म्हणजे एवढ्याशा पोरीचं ऑपरेशन. मी ससोबाकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

त्याची स्वतःची दोन्ही ऑपरेशनं पार पडली. आधी कित्येक दिवस रक्तदाब ताब्यात ठेवायच्या गोळ्या, मग मूत्रपिंडावरची गाठ, काही महिन्यांनी गळा. घरी आला, दुकानात गेला आणि मोठी काच टेबलावर घेऊन मुद्दाम ओणवा झाला. काही आलं नाही. पुन्हा झाला. भागीदार म्हणाला, काच कापतोस की व्यायाम करतोस?

पण ठमीच्या तपासणीचं नाव काढलं की आज दुकानात माल येणार, उद्या तिला सर्दी आहे. एका संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. भाची भांडी विसळत होती.

"तिला काही होत नाहीये," ससोबा म्हणाला. "खाते, पळते, मला मारते. कशाला शोधायचं?"

"तुझ्याही गळ्याला काही होत नव्हतं," भाची म्हणाली.

"माझा बाप टेबलावर गेला."

"त्यांना काय झालंय ते कोणालाच माहीत नव्हतं. तुझं माहीत होतं. म्हणून इथे बसून वाद घालतोयस."

तो हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं, गाठ गेली की भीती जाईल. गाठीची गेली. ही माझी आहे. दिवसभर असते, हात कापत नाहीत, घाम नाही, कोणाला दिसतसुद्धा नाही. मीच दिलंय गं तिला, दिलं असेल तर."

भाचीने नळ बंद केला, ओले हात तसेच त्याच्या खांद्यावर ठेवले. "मलाही आहे भीती. राहू दे. आपण तिला घेऊन जाऊ."

नेलं. टोचलं तेव्हा ठमीने नर्सला बजावलं की पुन्हा असं करायचं नाही. निकाल येईपर्यंत घरात फोन वाजला की दोघं एकमेकांकडे बघायची आणि कोणीच उचलायचं नाही. मग मीच उचलायचे. त्या दिवशीही मीच उचलला. होतं तिच्यात.

ऑपरेशनच्या सकाळी सांगितलं, भूल चढेपर्यंत आईबाबांपैकी एकालाच आत येता येईल. ससोबा उठला. मी म्हणणार होते की तुम्ही नका, तुम्हालाच उचलून आणावं लागेल. पण त्याचा चेहरा बघून तोंड मिटलं. हिरवा झगा, डोक्याला टोपी, कडेवर ठमी. दार लागलं.

थोड्या वेळाने एकटाच बाहेर आला. ती काय म्हणाली, भाचीने विचारलं. दहापर्यंत मोजते म्हणाली, चारलाच झोपली. आणि मग तो खुर्चीत बसला आणि त्या दाराकडे बघत राहिला. दार उघडायचं, कोणी कपडे घेऊन जायचं, कोणी रिकामी गाडी ढकलत यायचं, आणि दर वेळी आम्ही तिघं माना वर करायचो. मी बडबड करून बघितली. शेजारच्या बाईंच्या सुनेपासून सुरुवात केली, मग माझी मलाच ऐकवेना. ससोबाच्या बापाला घेऊन गेले तेव्हाही असंच एक दार असणार, आणि बाहेर हाच बसलेला असणार, वयाने लहान. हे माझ्या मनात आलं, आणि त्याच्या मनात आलेलं मला दिसत होतं.

शेवटी सर्जन बाहेर आले, मास्क गळ्यात लोंबत. सगळं नीट झालं म्हणाले. ससोबाने मान हलवली, पण उठला नाही. पुढे ती ग्रंथी तपासून आली. काही पेशी दाटायला लागल्या होत्या, कर्करोग अजून झालेला नव्हता. आता बापलेक दोघंही गळ्यातल्या गेलेल्या ग्रंथीच्या बदल्यात रोज सकाळी उपाशीपोटी एकेक गोळी घेतात, आणि मूत्रपिंडावरच्या टोप्यांसाठी ठमीचं रक्त अधूनमधून तपासावं लागणार. तो कागद आला की भाची आधी खुर्चीत बसते, मग उघडते.

परवा गेले तर दोघं जमिनीवर समोरासमोर, माना वर करून बसलेली. भांडण असं, की गळ्यावरचा व्रण कोणाचा मोठा. ठमी म्हणे माझा. ससोबाने टेप काढला, आधी तिचा मापला, मग माझ्याकडून स्वतःचा मापून घेतला. त्याचा मोठा निघाला, बराच मोठा.

"टेप वाकडा धरला आजीने," ठमी म्हणाली.

पुन्हा मापलं. तेच.

"तुझा गळाच मोठा आहे, म्हणून. माझ्या गळ्याला माझा मोठा आहे."

मला तिचं पटलं. म्हटलं, जावईबापू, पोरीचा मुद्दा बरोबर आहे, जिंकू द्या की तिला.

"गळा कोणाचा मोठा, असा वाद नव्हता मावशी," तो टेप गुंडाळत म्हणाला. "व्रण कोणाचा मोठा, असा होता. आणि तो माझा आहे."