नाव कोरलेला डबा

आमच्या घरातल्या जवळजवळ प्रत्येक भांड्यावर कोणाचं तरी नाव आहे. लग्नात आलेल्या पातेल्यावर मामांचं, ताटांवर यांच्या ऑफिसातल्या लोकांचं. पिपरी मेघेला घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आम्हीही स्टीलचे डबे वाटले. त्यांवर दोघांची नावं आणि खाली पत्ता कोरून घेतला होता. म्हणून दवाखान्यात गुपचूप डबा द्यायचं मनात आलं तेव्हा मी मुद्दाम कोरा डबा विकत आणला. दुकानदार नाव टाकून देतो म्हणाला. मी नको म्हटलं आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिले.

दवाखान्याशेजारच्या धर्मशाळेत पेशंटचे नातेवाईक राहतात. तिथल्या ओट्यावर सकाळी डबे ठेवायचे, ज्याला हवा त्याने उचलायचा, संध्याकाळी धुतलेला डबा आपण परत न्यायचा. कोणी कोणाला काही विचारायचं नाही. मी शाळेत शिकवायला जाताना डबा ठेवायची. ते पहिले दिवस खरंच सुखाचे होते. फळ्यावर लिहिताना मनात यायचं, आता कोणीतरी आपल्या हातची भाकर मोडत असेल, आणि उगाच हसू यायचं.

हिंगणीकडची एक बाई नेहमी माझाच डबा उचलायची. तिचा नवरा आत भरती होता. एका संध्याकाळी मी डबा घ्यायला गेले तर ती शेजारणीजवळ वांग्याच्या भरताची तारीफ करत होती. मी पायरीवरच थांबले. मग ती म्हणाली, हा डबा नक्की धान्यवाल्या शेठजीकडचा, असा हात मोठ्या घरच्याच बायांचा असतो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेठजीच्या घरी कांदासुद्धा शिजत नाही! वांगी भाजून डोळे माझे लाल झाले, आणि कौतुक त्यांचं?

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी वास्तुशांतीतला उरलेला डबा भरला. यांनी विचारलं तेव्हा कोरा डबा घासायचा राहिलाय म्हणून सांगितलं. तो घासून, पुसून स्वयंपाकघरात पालथा घातलेला होता.

त्या संध्याकाळी डबा परत मिळाला नाही. रविवारी दुपारी ती बाईच डबा घेऊन दारात उभी राहिली. पत्ता विचारत उन्हातून चालत आली होती. मी तिला पाणी दिलं आणि, सांगायला लाज वाटते, पण आता ती काय काय बोलेल ते ऐकायला ऐसपैस बसले.

"कोनाचं हाय माईत नोतं, तवा देवाचं समजून पोटभर खाल्लं," ती म्हणाली. "आता तुमचं नाव वाचलं. मंग खाली डबा कसा देऊ, ताई?"

आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी झाकण उघडलं. आत दोन उकडलेली अंडी होती. दवाखान्यात पेशंटला रोज सकाळी एक अंडं मिळतं, हे मला ठाऊक होतं.

मी अंडी परत द्यायला लागले तर ती म्हणाली, नवऱ्याला आवडतच नाहीत. ती खोटं बोलत होती, आणि मला ते खरं मानावं लागलं, नाहीतर तिचा अपमान झाला असता. मला माझीच किळस आली. एका आजारी माणसाच्या तोंडचं मी काढून घेतलं होतं, ते माझ्या भरताला माझं म्हणावं एवढ्यासाठी.

जाताना ती दारात थांबली. "उद्यापासून मी दुसरा डबा उचलीन. राग नका धरू. रोज द्याले मायाजवळ काई नाई."

सोमवारी मी पुन्हा कोरा डबा ओट्यावर ठेवला. एरवी ती माझ्याकडे ढुंकूनही न बघता झाकणं उघडून बघायला लागायची. त्या दिवशी मला पाहताच ती उठून उभी राहिली, हात जोडले, आणि मी गेटबाहेर पडेपर्यंत तिने एकाही डब्याला हात लावला नाही.