बर्फावर आडवा पडलो तेव्हा

चाकांच्या स्केट्सवर मी भोपाळमध्येच हॉकी शिकलो, पण पगारी खेळाडू झालो तो लडाखमध्ये, गोठलेल्या तळ्यावर. आमचं घर भोपाळच्या नेहरू नगरला. बाबा सरकारी नोकरीमुळे नागपूरहून इथे आलेले. बर्फावरची हॉकी त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी बचावपटू आहे म्हटल्यावर "म्हणजे तू गोल करायचा नाहीस?" एवढंच त्यांनी विचारलं होतं.

पहिल्याच हंगामात, एका सामन्याच्या शेवटी, समोरच्याने जोरात फटका मारला. आमचा गोलरक्षक दुसऱ्या बाजूला सरकला होता. मी आडवा पडलो आणि बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी असते ती कडक रबरी चकती माझ्या घोट्यावर आदळली. गोल वाचला, आम्ही जिंकलो. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते आणि मला उठता येत नव्हतं.

मोडलेलं हाड लडाखमध्येच बसवलं, पण जखम चिघळली. भोपाळला आल्यावर पुन्हा ऑपरेशन करावं लागलं. इस्पितळात बाबा म्हणाले, "तू आडवा पडायला कशाला गेलास?"

"माझं कामच ते होतं, बाबा."

घोटा आता वळत नाही. चपलेत पाय जातो, स्केटमध्ये जात नाही.

पुढच्या हिवाळ्यात कोचचा फोन आला. "पैर कैसा है?"

"चल लेता हूँ, सर."

"और स्केटिंग?"

मी म्हणालो, "स्केट में पैर ही नहीं जाता, सर." त्यावर ते म्हणाले, "ठीक है बेटा, अपना ध्यान रखना."

बाबा शेजारीच टीव्ही बघत होते, पण त्यांचं लक्ष माझ्या फोनकडे होतं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.