मोराखाली पाय

जागतिक प्रदर्शन संपल्यावर त्यातल्या अजब वस्तूंचं काय होतं, ते मला विचारा. आखातात आमच्या शेजारच्या देशातलं ते अवाढव्य प्रदर्शन आटोपलं तेव्हा खुर्च्या हॉटेलांनी नेल्या, तंबू आमच्याकडे वफ्राच्या शेतांवर खताची पोती झाकायला गेले आणि ज्याच्यापुढे फोटोसाठी झुंबड उडायची तो दुमजली लोखंडी मोर आमच्या शुवैखच्या वर्कशॉपमध्ये येऊन पडला. एका रेस्टॉरंटवाल्याला तो समुद्रासमोर नाचवायचा होता. आम्ही तो दुरुस्त करून, रंगवून द्यायचा होता.

मोर दिसायला देखणा, पण आतून पार सडलेला. पिसारा उघडणारे तेलाचे जॅक गळत होते. मी आणि माझा जोडीदार, दोघेही वेल्डर. मी चिपळूणचा, तो मालवणकडचा. कैक वर्षं एका खोलीत राहत होतो आणि एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरत नसे. पिसाऱ्याला आधी टेकू लावू, मग काम, असं आम्ही मॅनेजरला सांगून पाहिलं. त्याने नुसतं मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

दुपारी जोडीदार पिसाऱ्याखाली बसून वेल्डिंग करत होता आणि जॅक बसला. पिसारा धाडकन खाली आला. एवढ्या लोखंडाच्या आवाजातही हाड मोडल्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला. अजून येतो. त्याचा डावा पाय घोट्याच्या वर पिसाऱ्याच्या दांड्याखाली चेचला गेला होता आणि तो गुरासारखा ओरडत होता.

मी गॅस कटर ओढला. मॅनेजर आडवा आला. मुंबईचा, मराठीच माणूस.

"कापू नका! पोर्टावरून क्रेन येतेय. मोराचा सौदा झालाय," असं म्हणून त्याने सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला.

मी त्याच्या नाकावर ठोसा हाणला. तो टायरांच्या ढिगावर जाऊन पडला. त्याचं रक्त बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"बघतंस काय मेल्या, काप!" जोडीदार ओरडला.

व्हॉल्व्ह पुन्हा उघडून, त्याच्या पायावर ओली पोती टाकून मी दांड्याला ज्योत लावली. पहिल्याच ठिणगीला सांडलेल्या तेलाने पेट घेतला. बाकीचे कामगार घमेल्यांनी वाळू टाकत राहिले. जोडीदाराचे डोळे फिरायला लागले. तो शुद्धीवर राहावा म्हणून मी ओरडलो, "गाऱ्हाणं घाल!" नवं काम सुरू करताना तो नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालायचा आणि बिहारी असो, पठाण असो, सगळं वर्कशॉप त्याच्यामागे ओरडायचं.

"बा देवा म्हाराजा," तो दात चावत म्हणाला, "ह्यो मोर ज्येना केल्यान त्येचे हात झडांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्येना ह्यो हय हाडल्यान त्येचा वाटोळा होवंदे!"

"व्हय म्हाराजा!"

दांडा तुटला. मोर दुसऱ्या बाजूला कलंडला आणि कॉम्प्रेसरवर आपटून त्याची मान मोडली. आम्ही जोडीदाराला ओढून काढलं. पाय कुठे संपतो आणि बूट कुठे सुरू होतो, ते कळत नव्हतं. मी त्याच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये चढलो. मागे उरलेल्यांनी घण उचलले आणि मोराचा चेंदामेंदा केला, असं नंतर ऐकलं. ते ठोकायला मी नव्हतो, याची चुटपुट आजही आहे.

डॉक्टरांनी त्याचा पाय गुडघ्याखाली कापला. माझ्या डोळ्यादेखत तो त्या पोत्यांखाली विस्तवाची झळ सोसत राहिला होता, आणि तरी पाय गेलाच. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मी ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर सफरचंदं घेऊन आला. नाकावर पट्टी. खाटेशेजारच्या स्टुलावर बसला, जोडीदाराची विचारपूस केली, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "पाय तसाही जाणारच होता. जरा थांबला असतात तर मोर तरी वाचला असता."

जोडीदार छताकडे बघत पडला होता. त्याने मान वळवली आणि डोळ्यांनीच मला खाटेखाली खुणावलं. तिथे त्याचं लघवीचं भांडं होतं, काठोकाठ भरलेलं. मॅनेजरच्या तोंडावर ते फेकलं त्यानेच. त्याचा हात पोचत नव्हता, म्हणून उचलून मी दिलं.