ऊदबत्तीबाई

कार्यशाळेच्या सभागृहात शिरल्या की बाई सगळ्यांत आधी ऊदबत्ती लावायच्या. व्यासपीठावरच्या सरस्वतीच्या तसबिरीकडे त्या ढुंकूनही बघत नसत. पेटलेली ऊदबत्ती हातात धरून भिंतीकडेनं चालायच्या, एसीच्या जाळीखाली थांबायच्या, दाराच्या फटीशी वाकायच्या आणि धूर कुठं जातो ते बघायच्या. नवख्यांना वाटे, बाई फार धार्मिक. पेणच्या एका कंत्राटदारानं तर पुढं होऊन धुरावरून हात फिरवून तो डोळ्यांना लावला होता. बाई म्हणाल्या, "देव इथं नाही. इथं हवासुद्धा नाही. बसा."

धूर जागचा हलला नाही की बाईंचा चेहरा खुलायचा. मग पहिलं वाक्य ठरलेलं असे. "मंडळी, आज दिवसभर आपण एकमेकांचे उच्छ्वास खाणार आहोत. चहाबरोबर बिस्किटं आहेतच."

बाई मूळच्या चौलच्या. वडिलोपार्जित वाडी, नारळी-पोफळी. मुंबईच्या एका कारखान्यात बॉयलर आणि वाऱ्याची यंत्रं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन भावाकडे परत आल्या आणि इमारतींतली हवा, गारवा, ऊब आणि वीज या विषयांवरच्या कार्यशाळांना शिकवायला जाऊ लागल्या. मी पनवेलला एका कचेरीत एसीचे आराखडे करते. तिथूनच मला अशा एका कार्यशाळेला धाडलं होतं. तेव्हापासून मी बाईंची झाले.

या कार्यशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना मी नवीन काय सांगणार? समुद्रकाठचं हॉटेल. दारात गळ्यात अडकवायला नावाचा बिल्ला आणि हातात कापडी पिशवी. पिशवीवर झाड छापलेलं, आत प्लास्टिकची फाइल. दीपप्रज्वलनाला ज्योत विझू नये म्हणून पंखे बंद, मान्यवर घामाघूम. मग वीज कशी वाचवावी यावर भाषण, आणि एसी इतका कडक की श्रोते सत्काराच्या शाली मागून घेतील. दुपारी सुरमई. सुरमईनंतर श्रोत्यांपैकी निम्मे झोपत आणि उरलेले किनाऱ्यावर जात. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र. झोपलेल्यांचं आणि जागणाऱ्यांचं सारखंच. बाई त्याला 'उपस्थितीचा प्रसाद' म्हणत.

मोठमोठ्या शब्दांचा बाईंना मनस्वी तिटकारा. कुणी 'सस्टेनेबल' म्हणालं की त्या भोळ्या चेहऱ्यानं विचारायच्या, "म्हणजे टिकाऊ ना? मग नेमकं काय टिकतं? एसी टिकतो, गिऱ्हाईक टिकतं, की तुमची फी टिकते?" मुंबईकरांनी वाड्या विकत घेऊन, माडांवर कुऱ्हाड चालवून, पश्चिमेला काचेची भिंत घालून बांधलेले बंगले दिसले की स्कूटर थांबवून मला दाखवायच्या. "बघ. काचेची पेटी उन्हात ठेवायची आणि आत माणूस बसवायचा. आमच्याकडे आंबोशी अशी वाळवतात." एका वास्तुरचनाकारानं त्यांना ऐकवलं, की काचेतून समुद्र दिसतो. बाई म्हणाल्या, "समुद्र दारातूनही दिसतो. फक्त उठावं लागतं."

मलाही त्यांनी सोडलं नाही. माझा पहिला आराखडा बघून म्हणाल्या होत्या, "छान आहे. कोंबड्यांसाठी आहे का?" मला रडू फुटलं. तशी त्यांनी मला चौलला घरी नेलं आणि चुलीपुढं बसवून घावन करकरून वाढले. पोट भरल्यावर तोच आराखडा पुन्हा पुढ्यात ठेवला. बाईंची माया अशीच असे. टोचून बोललं त्याला जेवू घालायचं, आणि जेवण झालं की परत टोचायचं.

आता ज्या कार्यशाळेमुळे बाईंचं बोलावणं कायमचं बंद झालं, ती सांगते.

थंडीचे दिवस होते. रेवदंड्याजवळच्या एका रिसॉर्टवर निवासी कार्यशाळा होती. मी आणि बाई एका खोलीत. शेजारच्या खोलीत मुख्य वक्ते. त्यांचं नाव सांगत नाही, आम्ही त्यांना हरितराव म्हणायचो. हरित इमारत, हरित हॉटेल, हरित भविष्य. त्यांच्या बोलण्यातून हिरवा रंग गळत असे. हे रिसॉर्ट 'हरित' करण्याचा सल्लाही त्यांचाच होता, आणि पहिल्या दिवशीचं त्यांचं भाषण त्याच पराक्रमावर झालं. खोल्यांचा गारवा फटींतून बाहेर जातो, म्हणून त्यांनी सगळ्या फटी बुजवून घेतल्या होत्या. "फट म्हणजे गळती आणि गळती म्हणजे नुकसान," ते पडद्यावरचा हिरवा आलेख दाखवत म्हणाले.

मागच्या रांगेतून बाई म्हणाल्या, "नाकालाही दोन फटी आहेत हो. त्याही बुजवायच्या का?"

लोक हसले. हरितरावही हसले. "मॅडम जुन्या पिढीतल्या आहेत," असं म्हणून ते पुढच्या चित्राकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हरांड्यात चहा घेत बसलो होतो. शेजारच्या बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. येत होता, येतच होता. बाई म्हणाल्या, "हा माणूस आंघोळ करतोय की बंगला धुतोय?" मी हसले. बाई मात्र हसता हसता थांबल्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि कान देऊन ऐकू लागल्या.

"नुसता नळ वाजतोय," त्या म्हणाल्या. "तांब्याचा आवाज नाही."

हरितरावांच्या खोलीचं दार चहावाल्यानं उघडंच ठेवलं होतं. बाई थेट आत गेल्या आणि बाथरूमच्या दारावर थापा मारू लागल्या. हाका मारल्या. आतून ओ नाही. तिथं झाडू मारणारा गडी घाबरून म्हणाला, "बाय, सायेब आंगोल करतान. मालकांना इचारून येतू."

"मालकाला विचारून माणूस मरायचा थांबतो का?" बाई ओरडल्या. व्हरांड्यातली लोखंडी खुर्ची त्यांनी उचलली आणि कडीच्या जागी हाणली. दुसऱ्या दणक्याला कडी निखळली.

आत वाफ भरली होती. भिंतीवर गॅसचा गिझर भडभडून जळत होता. बादली भरून वाहत होती आणि हरितराव तिच्याशेजारी भिंतीला टेकून कलंडले होते. बाईंनी बाहेर छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटून आत गेल्या आणि गिझर बंद केला. मी दारातच थबकले, कारण हरितराव आंघोळीला बसलेल्या माणसासारखेच होते. बाईंनी माझ्या अंगावर टॉवेल भिरकावला. "लाजू नकोस, ओढ!"

आम्ही तिघांनी, म्हणजे बाई, मी आणि त्या गड्यानं, त्यांना ओढत बाहेर अंगणात आणलं. उघड्यावर आल्यावर त्यांना ओकारी झाली आणि त्यांनी डोळे किलकिले केले. ती ओकारी बघून बाईंनी जमिनीवर बसकण मारली. बाईंना घाबरलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

अलिबागच्या दवाखान्यात हरितरावांना प्राणवायू लावला. डॉक्टरांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "गॅसचा गिझर ना?" मग सांगितलं, की बंद जागेत गिझर जळत राहिला की एक विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी गळून गेल्यासारखं वाटतं आणि मग काहीच वाटत नाही. "वेळेवर काढलंत," ते म्हणाले.

आम्ही रिसॉर्टवर परतलो तेव्हा कार्यशाळा भरवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष माइकवरून सांगत होते, की आपल्या मान्यवर वक्त्यांना अशक्तपणामुळे किंचित भोवळ आली, परंतु रिसॉर्टच्या कर्मचाऱ्यांच्या तत्परतेमुळे सर्व काही ठीक आहे. यावर टाळ्या पडल्या. हवेवर शिकायला आलेली ती शहाणी माणसं टाळ्या वाजवत होती!

बाई दारातूनच बोलल्या. "भोवळ नाही. विष. मोरीतल्या हवेचं विष. ज्यांना हवा शिकायची आहे त्यांनी माझ्यामागून मोरीत या. ज्यांना प्रमाणपत्र हवं आहे त्यांनी बसा."

थोडे उठले. मग उत्सुकतेपोटी बाकीचेही आले. बाईंनी त्यांना पाळीपाळीनं त्या बाथरूममध्ये नेलं. वर जिथं झरोका होता तिथं प्लायवूडची फळी ठोकलेली होती. हवा ओढणारा पंखा काढून त्याच्या भोकावरही फळी. बाईंनी ऊदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला, छताला लागला आणि तिथंच लोंबकळत राहिला. "या फटी गळतात म्हणून बुजवल्या," बाई म्हणाल्या. "खोली गार राहिली. माणूसही गार होणार होता."

एवढ्यात रिसॉर्टचे मालक धावत आले. "बाई, तुम्ही आमच्याकडे जेवलात आणि आमचीच बदनामी करता?"

"जेवण उत्तम होतं," बाई म्हणाल्या. "स्वयंपाकघराला धुराडं आहे, म्हणून तुमचा आचारी जिवंत आहे. गिझर बाहेर काढा. आज काढा. उद्या या खोलीत कुणाचं तरी पोर आंघोळीला जाईल."

अध्यक्षांनी बाईंना बाजूला घेतलं. रिसॉर्टनं सभागृह फुकट दिलं होतं, पुढच्या वर्षीही देणार होतं. त्यांनी बाईंना समजुतीच्या स्वरात विचारलं, "विषय इतका ताणायचा का?" बाईंनी मला हाक मारली, सामान उचललं आणि आम्ही निघालो. आमची प्रमाणपत्रं तिथंच राहिली. गिझर त्या आठवड्यात बाहेर लागला, हे तिथल्या गड्याकडून पुढं कळलं. फळ्याही निघाल्या. पण संस्थेच्या अहवालात 'भोवळ' हाच शब्द राहिला आणि बाईंना पुन्हा कधीच बोलावणं आलं नाही.

त्याचं त्यांना दुःख झालं का? झालं. त्या तसं म्हणाल्या नाहीत, पण कुठल्या कार्यशाळेची जाहिरात दिसली की जरा जास्तच वाईट बोलायच्या. मग त्यांनी स्वतःचा उद्योग काढला. चौल-नागावकडं घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या आहेत, बहुतेक ठिकाणी असेच गिझर. रविवारी मी यायची आणि आम्ही स्कूटरवरून हिंडायचो. कुणी बोलावलेलं नसे. बाई सरळ आत शिरून मोरी बघायच्या.

नागावला एका घरी झरोक्यात पोतं कोंबलेलं होतं. घरची बाई म्हणाली, "पाव्हन्यांना गार वारा लागतो न्हाय का, म्हनून बुजवला."

"तुझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठेवलीस," बाई म्हणाल्या. "पाहुण्यांनी काय पाप केलंय?"

ती बाई आधी चिडली, मग खुराड्याकडं बघून हसायलाच लागली. तिनं स्वतः पोतं ओढून काढलं आणि आम्हाला जाताना वालाच्या शेंगा दिल्या. सगळीकडे असं झालं नाही. काही घरांतून आम्हाला चक्क हाकललं. "गिझर विकायला आल्यात," असंही बोलले लोक. बाई पुढच्या रविवारी त्याच दारात परत उभ्या.

पुढं पावसाळ्यात बाई आजारी पडल्या आणि त्यातून उठल्याच नाहीत. अखेरच्या दिवसांत हरितराव भेटायला आले होते. पालीच्या गणपतीला जाऊन आले होते, पेढे आणले होते. पलंगाशी बसून रडले. "तुमच्यामुळे जिवंत आहे," म्हणाले.

"हे मला कशाला सांगतोस? मी तिथं होते," बाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, धार तशीच होती. "व्यासपीठावर सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर लोक झरोके उघडतील. माझ्या तोंडून ऐकून शिव्या देतात."

"सांगेन. योग्य वेळ आली की नक्की."

"मी गेल्यावर सांगणार असशील तर पेढे घेऊन जा."

पेढे त्यांनी नेले नाहीत. मीही खाल्ले नाहीत.

बाई गेल्या. अलिबागला संस्थेनं शोकसभा ठेवली, त्याच अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली. हरितराव बोलायला उठले. मी श्वास रोखून ऐकत होते. बाईंचं निसर्गावर किती प्रेम होतं, त्यांची वाडी किती रम्य, त्यांचा स्वभाव कसा फणसासारखा... बोलता बोलता त्यांनी चष्मा पुसला आणि ते खाली बसले. गिझरचं नाव नाही. एवढ्या विषातून वाचलेला माणूस, पण खरं बोलायला त्याच्या छातीत हवा नव्हती.

मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी उभी राहिले आणि जागेवरूनच सगळं सांगितलं. फळी, गिझर, खुर्ची, ओकारी आणि 'भोवळ'सुद्धा. हरितराव मान खाली घालून बसले होते. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आजचा प्रसंग बघा. हा विषय आज नको."

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक म्हातारे उठले. बाईंच्या भावाचे स्नेही, थळचे. थळपर्यंत आमची स्कूटर पोचलीच नव्हती. ते म्हणाले, "पोरी, त्यो गिझर आमच्या घरी पन हाय. सून नातवंडांना त्याच्यावरच आंगोल घालते. मोरीला झरोका व्हता, टाइल्स लावताना बुजवला. आता काय कराचं?"

"आत्ताच्या आत्ता फोन करा," मी म्हटलं. "गिझर बंद करायला सांगा. उद्या मी येते, तो बाहेरच्या भिंतीवर लावून घेऊ. आणि झरोका फोडू."

त्यांनी खिशातून फोन काढला. अध्यक्षांनी घाईघाईनं दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या. त्या शांततेत म्हातारे, बहिरी माणसं बोलतात तसे, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सुनेला सांगत होते, "बंद कर म्हंतो ना! आदी बंद कर, मग भांड माज्याशी!"

त्यांना कुणीही गप्प केलं नाही.