आधी कपडे, मग पाणी

शालन रामटेके सिस्टरांना कुणी विचारलं, की सत्तावीस वर्षांच्या नोकरीत सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य बोललात, तर त्या लगेच सांगतील, "आधी कपडे काढा." ऐकून समोरचा हसला, तर तो त्यांच्या मनातून कायमचा उतरला म्हणून समजायचं.

आळंदी रस्त्यावर, विश्रांतवाडीच्या अलीकडे, एका मध्यम हॉस्पिटलात त्या कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज. हे वाक्य त्या कुठल्या कोर्समध्ये शिकल्या नव्हत्या, घरी शिकल्या होत्या. वडील भंडाऱ्याकडून पुण्यात आले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. तळहात कायम हळद लावल्यासारखे पिवळे. कारखान्यात आंघोळ करून, कपडे बदलून निघायचे, तरी घरी आल्यावर लहानगी शालन धावत गेली की दोन्ही हात वर करायचे आणि म्हणायचे, "थांब माय, हात नको लावू." मोरीत जाऊन पुन्हा अंग धुतल्याशिवाय त्यांनी पोरीला कधी उचललं नाही. अंगावर आलेलं विष दिसत नाही आणि ते एका माणसावर थांबत नाही, हे शालनला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं.

हॉस्पिटलातल्या शिकल्यासवरल्या माणसांना मात्र ते कळत नव्हतं. कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर एक नळ, एक शॉवर, आडोशाला पडदा आणि सांडपाण्याला वेगळी टाकी, एवढं त्यांनी चार वेळा लेखी मागितलं. प्रशासनाचे अभय साहेब सभ्य माणूस. दर वेळी सभ्यपणे नाही म्हणायचे. शेवटच्या वेळी म्हणाले, "सिस्टर, दारात पेशंटला आंघोळ घातलेली बरं दिसत नाही. लोक फोटो काढतात."

"मग आत घालू? आयसीयूत?"

"विषय समजून घ्या ना."

"तेच सांगतेय मी," शालन म्हणाल्या आणि उठल्या.

मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, दारात रिक्षा थांबली. आत संतोष नावाचा टेम्पोचालक होता, तिशीतला. शेतीच्या औषधांचे कॅन दुकानात उतरवताना एक कॅन खांद्यावर फुटला आणि पाठीवरून खाली ओघळला. शर्ट वाऱ्यावर वाळेल म्हणून हा बहाद्दर तसाच आणखी दोन दुकानं करून आला. आता तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू थडथड उडत होते आणि रिक्षाभर कुजक्या लसणाचा वास.

वॉर्डबॉय संभाजीमामा धावले. हातमोजे न घालता त्यांनी संतोषला काखेत धरून उचललं आणि छातीशी घेतलं.

"मामा! हातमोजे!" शालन ओरडल्या. तोवर उशीर झाला होता.

मागून डॉक्टर प्रज्ञेश आले. नवीन, हुशार, घाईतले. "आत घ्या, पटकन. बेड तीन."

"आत नाही."

"सिस्टर, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात. मला शिरेत लाइन घ्यायची आहे, विषावर अ‍ॅट्रोपिन द्यायचंय."

"मग द्या की, इथेच द्या. मी अडवलंय का? तुम्ही सुई लावा, मी कपडे काढते. आत नेलात तर बेड तीनबरोबर बेड दोन आणि चारही तुम्हालाच बघावे लागतील. आधी हातमोजे, गाऊन, मास्क. जाड हातमोजे, ते पातळ नकोत."

प्रज्ञेशनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि गाऊन चढवला. वाद घालायला वेळ नव्हता म्हणून, पटलं म्हणून नव्हे.

शर्ट डोक्यावरून न काढता शालननी कात्रीने समोरून उभा कापला, म्हणजे तोंडाला लागायला नको. पँट, बनियन, बूट सगळं एका पिशवीत गेलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. तेवढ्या अवस्थेतही संतोषने पट्टा धरून ठेवला. "नवाय... सासऱ्यांनी दिलाय."

"चामडं विष पितं, बाबा. धुऊन निघत नाही. सासऱ्यांना मी सांगते." पट्टा पिशवीत गेला.

मग दारातल्या माळीकामाच्या पाइपचं पाणी आणि साबण. केस, कानांमागे, बेंबी, काखा, नखांच्या कडा. चोळायचं नाही, घासायचं नाही, हलक्या हाताने धुवायचं. दोन नर्सनी चादर धरली होती, तिच्या पलीकडे गर्दी जमलीच. कुणीतरी मोबाइलही काढला. रिक्षावाला काढता पाय घेऊ लागला, तर शालननी त्याला हाताने खुणावलं, "तुम्हीसुद्धा थांबा. तुमची सीट धुतल्याशिवाय दुसरी सवारी घ्यायची नाही."

"माझा काय संबंध?"

"वास येतोय ना? तोच संबंध."

याच वेळी संभाजीमामा भिंतीला टेकले. "सिस्टर, मळमळतंय." त्यांच्या शर्टाच्या पुढच्या भागावर संतोषच्या पाठीची ओल उमटली होती. पंचावन्न वर्षांच्या मामांना दारात, ओळखीच्या माणसांसमोर, कपडे उतरवावे लागले. ते रडवेले झाले. शालनना त्यांची दया आली आणि रागही आला. सहा वर्षं या माणसाला हातमोजे घाला म्हणून सांगत होत्या.

संतोष चार दिवस आयसीयूत राहून वाचला. मामा एका रात्रीत बरे झाले. स्ट्रेचर साबणपाण्याने तीनदा धुतलं, रक्तदाबाचा कापडी पट्टा फेकला. अभय साहेबांनी त्याच दिवशी संध्याकाळी येऊन "छान हाताळलंत" म्हटलं. शालन घरी जाऊन झोपल्या.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या कँटीनमागे गेल्या, तर कँटीनच्या वेणूबाई विळा घेऊन गवती चहा कापत होत्या. वाफा अजून ओला होता. शालनची नजर वाफ्यावरून उताराने वर गेली, ती थेट कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत. काल धुतलेलं सगळं पाणी इथे येऊन मुरलं होतं.

"वेणूबाई, टाका ते! खाली टाका! हात धुवा आधी!"

वेणूबाई दचकल्या. "अहो, काय झालं काय? अजून चहात कुठं घातलाय?"

शालन तिथेच कट्ट्यावर बसल्या. जगाला शहाणपण शिकवताना पाणी कुठे जातंय हे त्यांनी स्वतः बघितलं नव्हतं. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर त्याला त्यांनी उभा सोलला असता. आता स्वतःलाच काय बोलायचं?

अभय साहेबांना बोलावलं. त्यांनी वाफा पाहिला आणि सुचवलं, "चार बादल्या पाणी मारा. निघून जाईल."

"कुठे निघून जाईल?"

"म्हणजे... खाली."

"खाली आपली बोअर आहे, साहेब."

अभय साहेबांनी फोन काढून पंप बंद करायला सांगितला. बोअर बंद झाली. शालननी प्रदूषण खात्यात पाच फोन केले; प्रत्येकाने दुसऱ्याचा नंबर दिला. सहाव्याने नीट सांगितलं: ओलीच्या डागापलीकडे हातभर आणि खाली फूटभर माती काढा, झाडांसकट. दुहेरी पिशव्यांत भरा, पावसाचं पाणी लागणार नाही अशा पक्क्या जमिनीवर ठेवा, घातक कचऱ्याची गाडी येईल. उरलेल्या मातीचा आणि बोअरच्या पाण्याचा नमुना तपासायला द्या. फावडं धुतलेलं पाणीही टबात धरा.

बावीस पिशव्या भरल्या. हॉस्पिटलात छप्पर आणि सिमेंटची जमीन असलेली मोकळी जागा एकच होती, अभय साहेबांच्या गाडीची.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"गाडी येईपर्यंत."

कचऱ्याची गाडी एकोणीस दिवसांनी आली. तेवढे दिवस साहेब उन्हात गाडी लावत होते आणि रोज संध्याकाळी निघताना चटका देणाऱ्या स्टिअरिंगला हात लावण्यापूर्वी शालनकडे बघत होते. शालन नमस्कार करत होत्या. नमुने स्वच्छ आले, बोअर सुरू झाली. पावसाळ्याआधी दाराबाहेर शॉवर, पडदा आणि खाली टाकी झाली. गुणवत्तेच्या तपासणीला आलेल्या मंडळींना अभय साहेबांनी ती स्वतःची कल्पना म्हणून दाखवली. शालननी ऐकलं आणि सोडून दिलं. नळ लागला होता, बस.

जुलैत एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. बायकोचं नाव कादंबरी. संडास साफ करायचं अ‍ॅसिड हातावर आणि गळ्यावर उडालेलं. ओढणी, बांगड्या उतरवून त्यांना शॉवरखाली बसवलं होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पाणी चालूच. पडद्याबाहेर नवऱ्याचा आवाज चढला, "नुसतं पाणी काय ओतताय मघापासून? डॉक्टर नाहीत का इथे? डॉक्टर बोलवा!"

पडदा बाजूला झाला. हातात पाइप, डोक्यापासून बुटांपर्यंत निथळणारे प्रज्ञेश बाहेर डोकावले.

"डॉक्टर मीच आहे," ते खेकसले. "आणि पाणी हेच औषध आहे. बसा तिकडे."

शालन घड्याळाकडे बघत होत्या. "अजून दहा मिनिटं, डॉक्टर," त्या म्हणाल्या.